अर्धा तास मोटर चालली म्हणजे विहीर पुरेल असं नाही

ठाण्यातल्या आणि नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक संदेश फिरतो आहे. बदलापूर, मुरबाड, शहापूर या बाजूला प्लॉट किंवा छोटा बंगला घेऊ पाहणाऱ्यांसाठी तो लिहिलेला आहे. मजकूर थोडक्यात असा: विहिरीवर किंवा बोअरवर मोटर सलग अर्धा तास चालवा, पाणी तुटलं नाही तर चार माणसांच्या घराला बारमाही पाणी आहे असं समजा. बोअरला दोन इंच पाणी लागलं असेल तर काळजीच नको. आपल्याकडे पाऊस इतका पडतो की विहीर आटण्याचा प्रश्न येत नाही. कमी पडलंच तर बोअर आणखी खोल मारा. आणि पाणी नितळ, गोड असेल तर ते पिण्यालाही चालतं.

या पाच ओळींवर भरवसा ठेवून लोक आयुष्यभराची पुंजी जमिनीत घालतात. घर बांधून झाल्यावर मे महिन्यात टँकर बोलावायची वेळ आली, की परतीचा रस्ता नसतो. म्हणून हे एकेक विधान नीट तपासायला हवं.

सगळ्यात घातक विधान अर्ध्या तासाचं आहे, कारण ते चाचणीसारखं दिसतं. विहिरीत दोन वेगळ्या गोष्टी असतात: आधीपासून साठलेलं पाणी आणि झऱ्यांतून येणारं नवं पाणी. घर चालतं ते आवकेवर. खात्यातली शिल्लक बघून पगार कळत नाही, तसंच इथे आहे. अर्धा तास मोटर चालवून फक्त साठा दिसतो.

आकडे मांडून बघा. विहिरीचा व्यास ३ मीटर असेल, तर पाण्याच्या एका मीटर उंचीत सुमारे ७,००० लिटर पाणी मावतं. चार मीटर पाणी उभं असेल तर साठा झाला २८,००० लिटर. ताशी ३,००० लिटर उपसणारी मोटर अर्ध्या तासात १,५०० लिटर काढते, म्हणजे पातळी वीतभर खाली जाते. एकही झरा जिवंत नसला तरी ही विहीर या परीक्षेत पास होणार. बोअरचंही तेच. साडेसहा इंची बोअरमध्ये मीटरमागे साधारण २१ लिटर पाणी असतं. ६० मीटरच्या बोअरमध्ये पाणी २० मीटरवर उभं असेल, तर खालच्या ४० मीटरमध्ये ८५० लिटर आयतं भरलेलं असतं. ताशी दीड हजार लिटरची सबमर्सिबल अर्ध्या तासात त्यातलं ७५० लिटर काढते. पाणी तुटत नाही, विकणारा हसतो, आणि खडकातून थेंबभर तरी नवं पाणी आलं का हे कोणालाच कळलेलं नसतं.

हीच कसोटी उलट दिशेनेही चुकते, आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. शहरी पाणीपुरवठ्याचं केंद्र सरकारचं मानक माणशी रोज १३५ लिटरचं आहे (जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या घराला माणशी ५५ लिटर धरतात). चार माणसांना १३५ प्रमाणे ५४० लिटर लागले. चोवीस तासांवर वाटले तर ताशी २२–२३ लिटर. म्हणजे ज्या बोअरची आवक ताशी ५० लिटर आहे पण साठा कमी आहे, ती वीस–पंचवीस मिनिटांत तुटेल, लोक तिला नापास करतील, पण हजार लिटरची टाकी बसवून सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं उपसलं तर तीच बोअर कुटुंबाला पुरून उरेल. मोटर कोरडी चालू नये म्हणून ड्राय रन बंद करणारं पॅनल मात्र लावायला हवं.

बंगल्याच्या बाबतीत माणसांचा हिशेब पुरेसा नसतो. दोनशे चौरस मीटर हिरवळीला उन्हाळ्यात रोज पाच मिलिमीटर पाणी धरलं तरी १,००० लिटर होतात, म्हणजे घरातल्या चौघांच्या जवळजवळ दुप्पट. सुट्टीत आलेले पाहुणे आणि गाडी धुणं वेगळंच. गरज आधी लिहून काढा, आणि लिहिताना मे महिन्यातलं घर डोळ्यासमोर आणा.

खरी परीक्षा कशी घ्यायची हे सांगतो. विहिरीवर तिला फार साहित्य लागत नाही: २०० लिटरचा ड्रम, घड्याळ, वजन बांधलेली खुणांची दोरी आणि एक मोकळा दिवस. आदल्या रात्री उपसा पूर्ण बंद ठेवा. सकाळी पाण्याची पातळी कठड्याच्या एका ठरलेल्या खुणेपासून मोजा. मोटर सुरू करून ड्रम किती वेळात भरतो ते बघा. चार मिनिटांत भरला तर उपसा ताशी ३,००० लिटर. उपसलेलं पाणी पाइपने लांब सोडा. नाहीतर तेच पाणी मुरून पुन्हा विहिरीत येतं आणि हिशेब बिघडतो. दोन तासांत ६,००० लिटर निघाले. झरे नसते तर ३ मीटर व्यासाच्या विहिरीची पातळी ८५ सेंटीमीटर उतरली असती. प्रत्यक्षात ६५ उतरली असेल, तर मधल्या २० सेंटीमीटरचं, म्हणजे १,४०० लिटर पाणी झऱ्यांनी दिलं. आवक ताशी ७०० लिटर. मग मोटर बंद करून दर पंधरा मिनिटांनी पातळी मोजत राहा. पहिल्या तासात ती दहा सेंटीमीटरच्या आसपास वर आली, तर दोन्ही हिशेब जुळले. पाणी मूळ पातळीच्या जवळ जाईल तसा वेग मंदावतो, त्यामुळे शेवटच्या तासाचा आकडा धरून घाबरू नका आणि पहिल्या दहा मिनिटांवर भाळू नका.

यानंतरची पायरी मला सगळ्यात मोलाची वाटते. घराला रोज जितकं लागणार तितकं पाणी सलग तीन–चार दिवस उपसा आणि रोज सकाळी त्याच वेळी पातळी लिहून ठेवा. पातळी रोज मूळ खुणेवर परत येत असेल तर विहीर तुमची गरज आवकेतून भागवते आहे. रोज दोन बोटं खाली जात असेल तर ती साठ्यातून देते आहे, आणि ते किती दिवस चालेल याचं गणित तुम्ही स्वतः करू शकता.

बोअरमध्ये केबल आणि पाइप असल्याने दोरी अडकते, म्हणून तिथे पातळी माहीतगार माणसाकडून मोजून घ्यावी. ते जमलं नाही तरी निदान सहा–आठ तास मोटर चालवून दर अर्ध्या तासाने ड्रम भरायचा वेळ टिपा. पाणी तुटू लागलं तर व्हॉल्व्ह आवळून उपसा कमी करा. ज्या धारेवर ते तासन्‌तास न तुटता टिकतं, ती त्या दिवसापुरती बोअरची खरी क्षमता.

"त्या दिवसापुरती" म्हणालो, कारण पुढचं विधान पावसाचं आहे, आणि आपल्या भागातल्या लोकांना ते सहज पटतं. ठाण्यात वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो हे खरं. पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये पडतो, आणि आपल्या पायाखाली काळा पाषाण, म्हणजे बसाल्ट आहे. पाणी साठतं ते वरच्या मुरमात, झिजलेल्या खडकात आणि भेगांमध्ये. समजा हा थर सहा मीटर जाड आहे आणि त्यातली पाणी सोडू शकणारी पोकळी दोन टक्के आहे. बसाल्टसाठी हा आकडा वावगा नाही. तर त्या थरात मावणारं पाणी १२ सेंटीमीटर. इतका पाऊस तर जुलैत कधी कधी एका दिवसात पडतो. जमीन एकदा भरली की वरून कितीही कोसळू दे, ते ओढ्यावाटे खाडीला जातं. पावसाळा संपल्यावर भरलेला थरही उताराकडे झिरपत रिकामा होतो. येऊरच्या डोंगरातून उतरणारे ओढे जुलैत आणि मार्चमध्ये बघितले की हे वेगळं समजवावं लागत नाही.

यापेक्षा मोठा पुरावा शहापूरचा. तानसा, मोडकसागर, भातसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणं याच तालुक्यात आहेत. आणि त्याच तालुक्यातल्या गावापाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातात. पाऊस भरपूर, धरणं शेजारी आणि विहिरी कोरड्या, असं एकाच ठिकाणी दिसत असताना "आपल्याकडे पाणी आटत नाही" हे वाक्य पुढे पाठवणं मला बेजबाबदार वाटतं. त्या पाड्यांवरच्या बायका डोक्यावर हंडे वाहतात, आणि त्यांच्या शेजारची जमीन आपण बारमाही पाण्याची म्हणून विकत घेतो.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. सरकारी यंत्रणेला एका मोजणीवर भागवता येत नाही, तर आपल्याला ऑगस्टमधल्या एका अर्ध्या तासावर कसं भागेल? चाचणी मे महिन्यात, पाऊस पडायच्या आधी व्हायला हवी. पावसाळ्यातली हिरवळ बघून माणूस हरखतो, हे दलालांना चांगलं ठाऊक आहे.

आता इंच. बोअर मारून झाल्यावर गाडीवाले "दीड इंच लागलं", "दोन इंच लागलं" असं सांगतात. हे इंच मोजायची रीत अशी की बाहेर येणारं पाणी व्ही आकाराच्या खाचेतून सोडायचं आणि खाचेत ते किती उंच चढलं ते बघायचं. काटकोनी खाच असेल तर एक इंच म्हणजे ताशी सुमारे ५०० लिटर, दीड इंच म्हणजे १,४००, आणि दोन इंच म्हणजे २,९००. एकाचे दोन झाले की पाणी साडेपाच पटीहून जास्त वाढतं. त्यामुळे अंदाजाने अर्धा इंच इकडेतिकडे सांगितला तर तो मोठा फरक असतो. कित्येकदा खाच नसतेच, पाइपच्या तोंडाकडे बघून इंच ठरतो. शिवाय हे मोजमाप कॉम्प्रेसरच्या हवेने पाणी वर फेकलं जात असतानाचं, भेगांत वर्षानुवर्षं साठलेलं पाणी पहिल्यांदा बाहेर येतानाचं. विकणाऱ्याला इंच विचारू नका. ताशी किती लिटर, किती तास उपसल्यावर आणि कोणत्या महिन्यात, हे विचारा.

"आणखी खोल मारा" हा सल्ला ऐकायला धीर देणारा आहे. आपला खडक लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला आहे. पाणी मिळतं ते वरच्या झिजलेल्या भागात, दोन थरांच्या सांध्यात आणि भेगांत. मधला अखंड पाषाण कोरडाच असतो. खाली जाल तशा भेगा विरळ आणि घट्ट होत जातात. पुढच्या शंभर फुटांत सांधा लागेलही, पण त्याची खात्री कोणी देऊ शकत नाही. भेग न लागता नुसती खोली वाढली तर शंभर फुटांमागे मिळतं काय? सुमारे ६५० लिटरचा साठा. त्याहून मोठी प्लास्टिकची टाकी जमिनीवर कितीतरी कमी पैशांत बसते. २००९ च्या महाराष्ट्र भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधनं आहेत, हेही तो संदेश सांगत नाही.

पाणाड्याने, म्हणजे जमिनीखालचं पाणी कुठे आहे ते सांगणाऱ्याने, जागा दाखवली असेल तर त्याचा मान ठेवा. पण जागेवरून आवक कळत नाही. चाचणी तरीही करावीच लागते.

नितळ आणि गोड पाण्याबद्दल थोडक्यात. जंतू दिसत नाहीत आणि त्यांना चव नसते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात १०० मिलिलिटर नमुन्यात कोलिफॉर्म (मैलापाण्याची शंका दाखवणारे जंतू) एकही चालत नाही. शेजारच्या शोषखड्ड्यातलं पाणी भेगेतून विहिरीपर्यंत गाळलं न जाता पोचू शकतं. प्रयोगशाळेतली तपासणी पावसाळ्यानंतर एकदा आणि उन्हाळ्यात एकदा करावी. नवी मुंबईत खाडीलगत राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट बघावी. तिथली बरीच जमीन खाडी आणि मिठागरं भरून झालेली आहे. सुरुवातीला गोडं लागणारं पाणी उपसा वाढला की मचूळ होऊ शकतं, कारण गोड्या पाण्याखाली खारं पाणी दबा धरून असतं. म्हणून लांब चाचणीच्या सुरुवातीला आणि शेवटी टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, मोजा. मानकात लिटरमागे ५०० मिलिग्रॅम ही इष्ट मर्यादा आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. आकडा तासागणिक चढत असेल तर प्रमाण कितीही असो, ती विहीर पिण्यासाठी धरू नका.

संदेशात एक गोष्ट मुळातच नाही: शेजारी. नव्या लेआउटमध्ये चाळीस प्लॉट असतात आणि चाचणी होते तेव्हा वस्ती दोन घरांची असते. सगळ्यांच्या बोअर त्याच थरात, कधी त्याच भेगेवर. आजची आवक चाळीस घरं झाल्यावर तीच राहील असं मानू नये. चाचणी चालू असताना शेजारच्या विहिरीतली पातळीही मोजा. ती उतरली तर दोघांचं पाणी एकच आहे.

जागा पावसाळ्यातच घ्यावी लागणार असेल, तर दलालाला बाजूला ठेवून गावात पाणी भरणाऱ्या बाईला विचारा, "ताई, ही विहीर कोणत्या महिन्यात तळ दाखवते?" गेल्या उन्हाळ्यात टँकर किती दिवस आला हे ग्रामपंचायतीत विचारा. आणि मे महिन्यातली चाचणी होईपर्यंत रकमेचा काही भाग रोखून ठेवायची अट विक्रीकरारात वकिलाकडून लिहून घ्या. विकणारा त्याला तयार नसेल तर भाव पाणी नसलेल्या जागेचा धरा, आणि त्यातच टाकी व टँकरचा खर्च मिळवून बघा.