एका बेअरिंगची बाकी

आमच्या ऑफिसात खरेदीचं काम माझ्याकडे आलं ते गुणवत्तेवर नव्हे, टायपिंगवर. नवं सॉफ्टवेअर बसवलं त्या दिवशी साहेबांनी सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि मी नेमका कीबोर्डकडे न बघता टाइप करत होतो. (खरं तर नुसती बोटं हलवत होतो. साहेब समोर असले की मी तेवढं करतोच.) "पर्चेस तुम्हीच बघा," साहेब म्हणाले, आणि सुट्या भागांच्या त्या धंद्यात माझं सुटं आयुष्य अडकलं ते कायमचं.

तोवर आमची खरेदी फोनवर चालायची. स्टोअरवाले भाऊ रॅककडे बघून म्हणायचे, "संपत आलंय हो." मी पार्टीला फोन लावून म्हणायचो, "पाठवा मागच्यासारखंच." मागच्यासारखंच म्हणजे नेमकं किती, हे मलाही ठाऊक नसे आणि पार्टीलाही. पण माल यायचा, खपायचा, बिल यायचं, भागायचं. एकमेकांच्या शब्दावर चाललेलं होतं सगळं. नव्या सॉफ्टवेअरमध्ये पार्टीच्या नावापुढे सत्तावीस रकाने आहेत. शब्दासाठी एकही नाही.

पहिल्याच पर्चेस ऑर्डरला मी स्क्रू मागवले. हवे होते 10 डझन. संख्या बरोबर टाकली, एककही बरोबर निवडलं, आणि मग पान खाली सरकवायला माउसचं चाक फिरवलं. पान सरकलं नाही. एकक सरकलं. यादीत डझनच्या खालोखाल ग्रोस होतं. एक ग्रोस म्हणजे 144 नग, त्यामुळे 120 च्या जागी 1440 स्क्रू उतरले. त्या मापाच्या स्क्रूंचा प्रश्न आमच्या ऑफिसापुरता सुटला आहे, आणि माझ्या निवृत्तीनंतर येणाऱ्या माणसापुरताही.

त्यानंतर साहेबांनी मंजुरीची साखळी लावली. ऑर्डर टाकणारा मी, मंजूर करणारे साहेब, माल उतरवून घेणारे भाऊ आणि बिल चढवणाऱ्या अकाउंट्सच्या मॅडम. एकाच माणसाच्या हाती सगळ्या किल्ल्या असू नयेत, हे त्यामागचं तत्त्व. चौघांनी मिळून कट केल्याशिवाय घोटाळाच होऊ शकत नाही म्हणे. आमच्याकडे कट न करताही चौघांनी मिळून तो केला.

मॅडमबद्दल थोडं सांगायला हवं. त्यांना हिशेबात पैचा फरक चालत नाही. मी एकदा भोळेपणाने विचारलं, "ऑर्डर टाकली, पण तुमच्या लेजरमध्ये काहीच कसं दिसत नाही?" त्यांनी चष्मा काढला. चष्मा काढला की व्याख्यान असतं. "ऑर्डर म्हणजे नुसता दिलेला शब्द. शब्दाची एन्ट्री होत नाही. माल उतरला की स्टॉक नावे पडतो आणि 'माल आला, बिल यायचंय' या खात्यात तेवढीच रक्कम जमा होते. बिल आलं की ते खातं नावे टाकून पार्टीचं खातं जमा. मधलं खातं शून्यावर आलंच पाहिजे." मग त्या लुका पाचोलीवर गेल्या. या फ्रान्सिस्कन साधूने 1494 साली व्हेनिसमध्ये दुहेरी नोंदीची ही रीत छापून लोकांपुढे ठेवली. पद्धत त्याची नव्हती, व्यापारी आधीपासून वापरतच होते, पण मॅडम त्याचं नाव अशा घेतात, की तो आमच्याच ऑफिसातून निवृत्त झाला असावा आणि माझ्याबद्दल त्याचं मत फारसं चांगलं नसावं.

तर आता बेअरिंग.

एका ठरावीक मापाची बेअरिंगं आमच्याकडे बारमाही खपतात. वर्षाला साधारण 5000, म्हणजे कामाच्या दिवसाला 20. एका वेळी किती मागवायची, हे सॉफ्टवेअर स्वतः काढतं. फोर्ड व्हिटमन हॅरिस नावाच्या अभियंत्याने 1913 साली त्याचं सूत्र मांडलं. वर्षाचा खप गुणिले एक ऑर्डर काढायचा खर्च, त्याची दुप्पट करायची, एक नग वर्षभर सांभाळण्याच्या खर्चाने भागायचं आणि वर्गमूळ काढायचं. आमचा खप 5000, ऑर्डरचा खर्च 100 आणि सांभाळायचा खर्च 4. वर्गमूळ आलं बरोबर 500. इतकं गुळगुळीत उत्तर मला शाळेत कधी आलं नव्हतं. मी भारावून तिथल्या तिथे 500 ची ऑर्डर टाकली. साहेबांनी मंजूर केली. पार्टीने माल धाडला.

आली 499.

भाऊंनी दोनदा मोजली. तिसऱ्यांदा मला मोजायला लावली. (माझी 503 भरली. ती कुणी धरली नाहीत.) भाऊंनी पावती प्रामाणिकपणे 499 ची केली. पार्टीचं बिल आलं 500 चं, आणि महिनाअखेरीच्या घाईत मॅडमनी ते समोर होतं तसं चढवून महिना बंद केला, म्हणजे त्या महिन्याच्या नोंदींना कुलूप लावलं.

ऑर्डर, माल उतरल्याची पावती आणि बिल या तिन्ही कागदांवरची संख्या जुळली तरच सॉफ्टवेअर पैसे सोडतं. एरवी हा बंदोबस्त चांगलाच. न आलेल्या मालाचे पैसे जात नाहीत. आता 500, 499 आणि 500 बघून त्याने बिलावर लाल पट्टी मारली आणि 499 बेअरिंगांचेही पैसे अडवून धरले. ऑर्डरच्या कपाळावर 'अंशतः प्राप्त, बाकी 1' आलं. मॅडमच्या त्या मधल्या खात्यात एका बेअरिंगची रक्कम नावे बाजूला एकटीच उभी राहिली. पार्टीला फोन केला तर ते हसले. "अहो, एकच ना? पुढच्या गाडीत टाकतो की! तुम्ही पेमेंट सोडा." त्यांच्याकडे अजून जुनी पद्धत आहे.

मी बेअरिंगशिवाय ऑर्डर बंद करायला बसलो. ऑर्डरवर 500 चे 499 केले, तर उत्तर आलं: या ऑर्डरवर 500 चं बिल आहे, त्यापेक्षा कमी संख्या चालणार नाही. बिल दुरुस्त करायला गेलो, तर महिना बंद. महिना उघडा म्हटलं, तर मॅडमनी चष्मा काढला. मी पुढे विचारलं नाही. पावती रद्द करून नव्याने करू म्हटलं, तर त्यातली 200 बेअरिंगं विकून झालेली. पावती गेली तर ती 200 आलीच नव्हती, आणि जी आली नव्हती ती विकली कशी, असा प्रश्न सॉफ्टवेअरने मला विचारला. वकिलाने विचारावा तसा.

तेवढ्यात दुसरं लचांड. स्टॉक 300 च्या खाली गेला की 'माल मागवा' अशी सूचना यायला हवी. पार्टीला माल पाठवायला दहा दिवस लागतात. त्या दिवसांत 200 खपतात आणि वर 100 हाताशी असावीत, असा त्यातला हिशेब. रॅकवर 299 उरली आणि सूचना काही येईना. अर्धा तास डोकं खाजवल्यावर उलगडलं: सॉफ्टवेअर हातातला स्टॉक आणि वाटेवरचा माल एकत्र धरतं. 299 हातात, 1 वाटेवर, झाली 300. म्हणजे 300 च्या खाली नाहीच! जे बेअरिंग कुणी पाहिलं नव्हतं, त्याच्या भरवशावर आमचं कोठार भरलेलं होतं. भाऊ म्हणाले, "मी मागेच म्हणालो होतो, संपत आलंय हो." मी मुकाट्याने हाताने नवी 500 ची ऑर्डर टाकली.

आणि त्याच दुपारी एका गिऱ्हाइकाची मागणी आली. 300 बेअरिंगं, एकरकमी. सॉफ्टवेअरने रॅकवरची 299 त्यांच्या नावे राखून ठेवली आणि मागणीपुढे 'एका नगासाठी प्रतीक्षा' लिहिलं.

मला इथे युक्ती सुचली. आयुष्यात मला सुचलेल्या युक्त्यांची यादी केली, तर प्रत्येकीपुढे नंतरचा खर्च लिहावा लागेल. पार्टीवर डेबिट नोट टाकायची, म्हणजे एका बेअरिंगचे पैसे त्यांच्या हिशेबातून कापून घ्यायचे, तर माल परत केल्याचं दाखवावं लागतं, असं मला मेनूवरून वाटलं. आणि परत करायला तो आधी आलेला हवा. मग न आलेलं बेअरिंग आधी आलं म्हणून दाखवू, लगेच परत गेलं म्हणून दाखवू, डेबिट नोट निघेल, सगळं जुळेल! मधल्या चार मिनिटांपुरतं ते बेअरिंग कागदावर असेल, कुणाला कळणारसुद्धा नाही. भाऊ जागेवर नव्हते, त्यांचा लॉगिन उघडा होता. (चार किल्ल्या चौघांकडे हव्यात हे खरं. पण किल्ली टेबलावर राहते त्याला तत्त्व काय करणार?)

मी पावती केली. नग: 1. ऑर्डर हिरवीगार झाली, 'पूर्ण प्राप्त'. आता परत करायचं म्हणून बटण दाबलं.

'हा नग परत करता येणार नाही. राखीव आहे.'

माझ्या काल्पनिक बेअरिंगने जन्मल्या जन्मल्या त्या गिऱ्हाइकाची वाट धरली होती. 299 आणि एक, 300 पूर्ण. चार मिनिटं दूरच, त्याला चार सेकंदही लागली नव्हती. आणि सॉफ्टवेअरने उत्साहाच्या भरात गिऱ्हाइकाला मेलही धाडली: आपला माल रवाना होण्यास सज्ज आहे. दहाव्या मिनिटाला त्यांचा फोन. "वा, तुमचं काम एकदम फास्ट झालंय हो! गाडी पाठवू?"

हेल्पलाइनला फोन लावला. तिकडच्या मुलीने सगळी हकिकत शांतपणे ऐकली. अशा कहाण्या ती दिवसभर ऐकत असावी, कारण तिने एकदाही "अरे बापरे" म्हटलं नाही.

"सर, ऑर्डरच्या पानावर वर उजव्या कोपऱ्यात तीन टिंबं दिसतात?"

दिसत होती. मी त्यांना स्क्रीनवरची धूळ समजत होतो.

"त्यात 'शॉर्ट क्लोज' आहे. उरलेली संख्या सोडून ऑर्डर बंद होते. आणि डेबिट नोट नुसत्या रकमेचीही टाकता येते, माल परत दाखवावा लागत नाही."

मी टिंबांवर क्लिक केलं. "शॉर्ट क्लोज दिसत नाहीये."

"हो, आता नाही दिसणार सर. तुमची ऑर्डर पूर्ण प्राप्त झालीये ना. बाकी काही उरलेलंच नाहीये." थोडं थांबून ती म्हणाली, "आणखी काही मदत करू शकते का?"

मी मॅडमकडे कबुलीजबाब द्यायला गेलो, तर त्या चक्क हसत होत्या. लाल पट्टी गेली होती. ऑर्डर 500, पावती 500, बिल 500. मधलं खातं शून्यावर. पार्टीचे पैसे आपोआप सुटले होते. "बघा," त्या म्हणाल्या, "नीट एन्ट्री केली की सगळं जुळतं." लुका पाचोलीची क्षमा मागून मी गप्प राहिलो. सगळ्या ऑफिसात चुकलेला होता तो फक्त रॅक. गिऱ्हाइकाला मी फोन करून सांगितलं, की माल सज्ज आहे, फक्त थोडे दिवस तो सज्जच राहील.

दहा दिवस मी भाऊंच्या नजरेला नजर दिली नाही. मग गाडी आली. पार्टीने शब्द पाळला होता: नव्या 500 च्या बरोबर कागदात गुंडाळलेलं एक सुटं बेअरिंग होतं. मला इतका आनंद झाला, की मी ते हातात घेऊन फिरवून बघितलं. छान फिरत होतं. कागदावर हे दहा दिवसांपूर्वीच आलंय, विकलंही गेलंय. आता कुठलीही एन्ट्री न करता गुपचूप त्या 299 मध्ये ठेवायचं, की कागद आणि रॅक एक. खोट्याचं खरं झालं!

मी धावत भाऊंकडे गेलो. "भाऊ, ते एक सुटं आलंय ना, त्याचं काही करू नका."

"झालं पण करून," भाऊ म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. गेले दोन महिने मीच त्यांच्या मागे लागलो होतो, की गोदामात आलेल्या प्रत्येक वस्तूची एन्ट्री झालीच पाहिजे. "नव्या ऑर्डरवर 501 घेईना ते. म्हणून 500 तिकडे घेतली आणि एक स्टॉक वाढवून टाकलं. पहिल्यांदाच केलं हां मी, कुणाला न विचारता."

"कारण विचारलं असेल त्याने?"

"विचारलं की. रकानाच आहे तसा."

"मग काय लिहिलंत?"

"'सापडलं'."