तारा अडकत नाहीत हो!

‘दोघांच्याही दातांना तारा असतील तर चुंबन घेताना त्या एकमेकींत अडकतात’ असा मेसेज सध्या फिरतोय. तसं होत नाही. ब्रॅकेट, म्हणजे तार बसवायचा छोटासा तुकडा, दाताला चिकटवलेलं असतं, तार त्याच्या खाचेत बसते आणि इवलंसं रबर तिला धरून ठेवतं. चेनच्या दात्यांसारखं एकमेकांत गुंतायला त्यात काही नसतं.

त्रास होतो तो ओठ-गालांना. पहिले काही दिवस दात ठणकतात, तेव्हा जरा दमानं. दाढेपाशी तारेचं टोक टोचत असेल तर डॉक्टरांनी दिलेलं मेण वाटाण्याएवढं घेऊन लावा, टोक त्यांच्याकडूनच कापून घ्या. ब्रॅकेट निघतं ते चिक्कीनं, नाहीतर कणीस दातांनी ओरबाडल्यानं. आणि आमटीतल्या हळदीनं पांढरी रबरं पिवळी पडतात, हे मात्र खरं!