'लस घ्या आणि विषय संपवा' म्हणणाऱ्या वाचकाला

कॉलरा आणि प्रवास यावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. रागावून लिहिलीय, पण तो राग काळजीतून आलाय हे कळतंय, म्हणून दोन ओळींत उत्तर देऊन सोडून द्यावंसं वाटलं नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की कॉलराची लस मिळत असताना "बहुतेक प्रवाशांना ती लागत नाही" असं लिहिणं बेजबाबदार आहे, हात धुवा पाणी उकळा हे तर सगळ्यांनाच माहितीय, आणि पूर्वी परदेशी जाताना कॉलराच्या लसीचा दाखला सक्तीचा होता मग आता एवढी ढिलाई कशाला. शिवाय तुमचे आईवडील पुढच्या महिन्यात साथ चालू असलेल्या भागात काही आठवडे राहायला जातायत, आणि वडील रोज अॅसिडिटीची गोळी घेतात हे तुम्ही जाता जाता लिहिलंय. त्या शेवटच्या गोष्टीवर मी नंतर येतो कारण माझ्या मते तुमच्या अख्ख्या प्रतिक्रियेत सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे.

आधी दाखल्याचं. होता सक्तीचा, खरंय. पण तो ढिलाईमुळे गेलेला नाही. ती जुनी लस म्हणजे मेलेल्या जंतूंचं इंजेक्शन, ती जेमतेम निम्म्या लोकांना वाचवायची आणि तेही काही महिनेच, आणि लस टोचून घेतलेला माणूस पोटात जंतू घेऊन आरामात सीमा ओलांडू शकायचा, मग त्या कागदाने साथ अडणार कशी? म्हणून १९७३ मध्ये जागतिक आरोग्य सभेने आंतरराष्ट्रीय नियमांतून ती अट काढून टाकली. पिवळ्या तापाचा दाखला मात्र आजही बरेच देश मागतात, लोकांच्या डोक्यात या दोन्हींची सरमिसळ होते.

आताच्या लसी तोंडाने घ्यायच्या असतात आणि त्या जुनीपेक्षा खूप चांगल्या आहेत, यात वाद नाही. ड्युकोरल मोठ्या माणसांना दोन डोस, मध्ये किमान एक आठवडा, आणि दुसऱ्या डोसनंतर साधारण आठवड्याने संरक्षण सुरू होतं. व्हॅक्सकोरा एकच डोस, पण तो निदान १० दिवस आधी घ्यायला हवा. युविकोलच्या जातीच्या लसी साथीच्या भागातल्या मोहिमांमध्ये वापरतात, त्याच जातीची शांकोल २०२३ पर्यंत बनायची, कोलकात्यातल्या चाचणीत तिच्या दोन डोसनी पाच वर्षांत ६५ टक्के संरक्षण दिलं होतं. ड्युकोरल बांगलादेशातल्या चाचणीत पहिले सहा महिने ८५ टक्क्यांच्या आसपास होती, पुढे उतरत गेली. म्हणजे लस चांगली आहे, पण ती घेऊन "विषय संपला" म्हणणं मला पटत नाही, कारण उरलेल्या १५-३५ टक्क्यांत आपण नसूच याची हमी कोणी देत नाही, आणि जुलाब करणारे बाकीचे ढीगभर जंतू या लसीला जुमानत नाहीत. (ड्युकोरल ईटेक नावाच्या जंतूविरुद्ध थोडे दिवस थोडी मदत करते, पण त्या भरवशावर राहू नये.)

मग "बहुतेकांना लागत नाही" असं का लिहिलं? कारण चार दिवस हॉटेलात राहून बाटलीबंद पाणी पिऊन परतणाऱ्या माणसाला कॉलरा होण्याचा अंदाज दहा लाखांत दोन-तीन इतका कमी आहे. ज्यांना खरंच लागते ते वेगळे. साथीच्या भागात मदतकार्याला जाणारे, छावण्यांत किंवा दवाखान्यात काम करणारे, जिथे स्वच्छ पाणी आणि उपचार दोन्ही लांब आहेत अशा ठिकाणी बरेच दिवस राहणारे. त्यांनी लस घ्यावीच, इथे माझं आणि तुमचं एकच मत आहे.

"सगळ्यांना माहितीय" यावर मात्र मी अडून बसणार. १९९२ मध्ये लॉस एंजेलिसला उतरलेल्या एका विमानातल्या ७५ प्रवाशांना कॉलरा झाला, एक जण गेला. कारण काय तर पेरूतल्या लिमामध्ये चढवलेलं मासे-कोळंबीचं थंड सॅलड. गाडीवरचं नाही, नदीकाठचं नाही, विमानातलं जेवण! शिजवलेलं आणि अजून गरम असलेलंच खा, सोललेली नव्हे तर आपण सोलायची फळं खा, कच्चे शिंपले टाळा, हे लोकांना ऐकून माहिती असतं पण बर्फ कोणाच्या लक्षात राहतो? गोठल्याने जंतू मरत नाहीत. बाटलीतलं पाणी पिणारे लोक त्यातच नळाच्या पाण्याचा बर्फ टाकून घेतात.

आणि लेखात लसीपेक्षाही जास्त जागा मी जलसंजीवनीला, म्हणजे ओआरएसला, दिली ती मुद्दाम. कॉलराचं विष आतड्यातून पाणी आणि क्षार बाहेर ओढतं, जोराचा असेल तर तासाला लिटरभरसुद्धा, तांदळाच्या धुवणासारखे जुलाब होत राहतात आणि माणूस काही तासांत कोरडा पडतो. उपचार नाही मिळाले तर अशांतले निम्मे दगावू शकतात, वेळेवर मिळाले तर शंभरात एकही नाही. पण आतड्याचा एक मार्ग हे विष बंद करू शकत नाही, ग्लुकोजबरोबर सोडियम आत जातं आणि त्यामागून पाणी जातं. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपत आल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी ड्रममध्ये भरून नातेवाईकांच्याच हाती पाजायला दिलं, आणि मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. मला या गोष्टीबद्दल नितांत आदर आहे, म्हणून ती मी परत परत सांगत राहणार. बॅगेत ओआरएसची पाकिटं हवीतच, आणि एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच, तेही सुरक्षित पाण्यात. ग्लासभर पाण्यात अख्खं पाकीट ओतलं तर ते इतकं खारट होतं की अपाय होतो, लहान मुलांना तर जास्तच. जुलाब बंद करणारी गोळी अशा वेळी घेऊ नये.

आता तुमचे वडील. पोटातलं आम्ल हा कॉलराच्या जंतूला पहिला अडसर असतो, बरेचसे जंतू तिथेच मरतात. रोज आम्ल कमी करणारी गोळी घेणाऱ्याचा तो अडसर कमजोर झालेला असतो, त्यामुळे थोड्या जंतूंनीही आजार होऊ शकतो. म्हणून त्यांच्या बाबतीत माझं उत्तर "लागत नाही" असं अजिबात नाही. या आठवड्यातच डॉक्टरांकडे न्या, ही गोळी, वय, बाकीची औषधं, कुठे आणि किती दिवस राहणार ते सगळं सांगा आणि लसीचं विचारा, दोन डोसची लस ठरली तरी महिनाभर हाताशी आहे. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका. लसीच्या वेळी आधी-नंतर तासभर काही खायचं-प्यायचं नाही असा काही लसींचा नियम असतो, तोही विचारून घ्या.

आणि परत आल्यावर पाच दिवसांच्या आत पाण्यासारखे जुलाब सुरू झाले तर घरी वाट न बघता ओआरएस पाजत पाजत दवाखाना गाठा आणि तिथे सगळ्यात आधी कुठून आलात ते सांगा.