साहेबाच्या गाड्या साम्राज्याने विकल्या नाहीत

जुन्या गाड्यांच्या शौकिनांत सध्या एक मजकूर फिरतोय. मला तो तिघांनी पाठवला. शेवटी माझ्या मामेभावाने पाठवला आणि खाली एक ओळ जोडली, 'बघ, तुझ्या लाडक्या गाड्यांचं खरं.' मजकुराचा गोषवारा असा: ब्रिटिश मोटारसायकली जगभर खपल्या त्या साम्राज्याच्या जोरावर, वसाहतींच्या गळ्यात मारून. गाड्या मात्र अस्सल इंग्रजी. त्यातही एनफिल्ड बंदुकीच्या सरकारी कारखान्यात जन्मली आणि राजघराण्याने तिला 'रॉयल' पदवी दिली. पुढे जपानी आले आणि रातोरात सगळं संपलं. आज त्या नावांनी विकतात तो नुसता टाकीवरचा बिल्ला.

वाचायला झकास आहे, म्हणूनच फिरतोय. पण यातलं जवळजवळ एकही वाक्य टिकत नाही, आणि जे निसटून जातं तेच या गाड्यांमधलं सगळ्यांत मोलाचं आहे.

आधी साम्राज्याचं बघू. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश मोटारसायकलींचं एक फार मोठं परदेशी गिऱ्हाईक होतं अमेरिका. तिने साहेबाला १७७६ मध्येच रामराम ठोकला होता, तिच्या गळ्यात कोण काय मारणार? युद्ध जिंकूनही ब्रिटन कर्जात बुडालेलं होतं. पोलाद रेशनवर होतं आणि माल परदेशी पाठवून डॉलर आणणाऱ्या कारखान्याला ते आधी मिळायचं. सप्टेंबर १९४९ मध्ये सरकारने पौंडाचं अवमूल्यन केलं. ४.०३ डॉलरचा पौंड एकदम २.८० डॉलरवर आला आणि अमेरिकेत ब्रिटिश गाडी स्वस्तात देता येऊ लागली. अमेरिकेच्याच हार्ले-डेव्हिडसन कंपनीने १९५१ मध्ये तिथल्या सरकारी आयोगापुढे जाऊन आयात गाड्यांवर ४० टक्के जकात लावा अशी मागणी केली. ती फेटाळली गेली.

पण नुसत्या स्वस्ताईने दर्दी माणूस गाडी घेत नाही. त्या वेळची मोठी हार्ले डोळ्यांसमोर आणा: अडीचशे किलोंच्या पुढची, गिअर टाकीशेजारच्या दांड्याने हाताने टाकायचा आणि क्लच पायाने दाबायचा. तिच्या शेजारी ट्रायम्फ या ब्रिटिश कंपनीची स्पीड ट्विन. ट्रायम्फचा डिझायनर एडवर्ड टर्नरने १९३७ मध्ये आणलेली, पाचशे सीसीची, दोन सिलिंडर खांद्याला खांदा लावून उभे, वजन साधारण १६५ किलो. गिअर पायाने, क्लच हाताने. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात शर्यती खेळणाऱ्या पोराला यातली कुठली भावेल हे सांगायला साम्राज्य लागत नाही. अमेरिकेतली डेटोनाची दोनशे मैलांची शर्यत १९४९ ते १९५२ अशी सलग चार वर्षं ब्रिटिश नॉर्टनने मारली. हार्लेने १९५२ मध्ये पायाने गिअर टाकायची हलकी 'के' मॉडेल काढली ती या पाहुण्यांना तोंड द्यायलाच.

आता गिऱ्हाइकाने काय केलं ते बघा. लांब पल्ल्याच्या अमेरिकन रस्त्यांना पाचशे सीसी कमी पडते, असं तिकडून आलं आणि १९४९ मध्ये साडेसहाशेची थंडरबर्ड तयार झाली. नावसुद्धा अमेरिकन. पुढे बॉनव्हिल आली, तिचं नाव युटा राज्यातल्या मिठाच्या पठाराचं, कारण १९५६ मध्ये तिथे ट्रायम्फचं इंजिन बसवलेलं यान ताशी २१४ मैलांनी धावलं होतं. अमेरिकेला जाणाऱ्या बॉनव्हिलची टाकी लहान, हँडल उंच. घरच्या बाजारातल्या गाडीची टाकी मोठी, हँडल खाली. व्हिन्सेंट या ब्रिटिश कंपनीने तर १९४९ च्या सुमारास आपल्या नावातली 'एचआरडी' ही अक्षरंच काढून टाकली, कारण अमेरिकन लोकांना ती हार्ले-डेव्हिडसनची वाटायची. मालाला गिऱ्हाईक शोधण्यापेक्षा गिऱ्हाइकाच्या मापाने माल बेतायचा, हे त्या काळात या कारखान्यांना जमलं होतं. माझ्या मते त्यांच्या परदेशातल्या यशाचं मूळ तिथे आहे.

साम्राज्याचा काहीच हात नव्हता असं मी म्हणत नाही. ऑस्ट्रेलियात, न्यूझीलंडमध्ये, आपल्याकडे तो होताच. पोलीस आणि पलटणी ब्रिटिश गाड्या वापरत, पाने आणि सुटे भाग त्याच मापाचे मिळत. पण अर्जेंटिना वसाहत नव्हती, तरी १९५२ मध्ये तिथून चे गव्हेरा मित्राला घेऊन निघाला तो पाचशेच्या जुन्या नॉर्टनवर. चिलीत तिने दम तोडला, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं.

'अस्सल इंग्रजी' हा दुसरा मुद्दा मला सगळ्यांत जास्त खटकतो. ट्रायम्फचा संस्थापक सीगफ्रीड बेटमान न्यूरेंबर्गहून आलेला जर्मन. लंडनमध्ये त्याने आधी काय थाटलं, तर आयात-निर्यातीची पेढी. दुसऱ्याच्या कारखान्यातल्या सायकली घेऊन तो परदेशी विकायचा आणि 'ट्रायम्फ' हे नाव निवडलं ते युरोपातल्या बहुतेक भाषांत समजतं म्हणून. म्हणजे या कंपनीच्या बारशालाच परदेशी गिऱ्हाईक हजर होतं. त्याचा भागीदार शुल्टे, तोही जर्मन. १९०२ च्या पहिल्या ट्रायम्फ मोटारसायकलला इंजिन होतं बेल्जियमच्या मिनर्व्हाचं. नॉर्टनने १९०७ मध्ये आइल ऑफ मॅनची पहिली टीटी शर्यत आपल्या गटात जिंकली, ती फ्रान्सच्या प्यूजोच्या इंजिनावर. बेटमान कॉव्हेंट्रीचा महापौर झाला आणि पहिलं महायुद्ध पेटल्यावर जर्मन म्हणून त्याच गावात परका ठरला. 'अस्सल' या शब्दाने अशा माणसाला पुन्हा एकदा दाराबाहेर काढल्यासारखं होतं.

एनफिल्डची कथा तर उलटीच सांगितली जाते. ती सुरू झाली रेडिच या गावात. रेडिच म्हणजे सुयांचं गाव, आणि ज्या कंपनीतून पुढे एनफिल्ड झाली तीही मुळात सुयांचीच. १८९१ मध्ये ती एडी आणि स्मिथ या दोघांच्या हाती आली. त्यांना एनफिल्ड इथल्या 'रॉयल स्मॉल आर्म्स फॅक्टरी' या सरकारी बंदूक कारखान्यासाठी सुटे भाग बनवायचं काम मिळालं आणि त्या कारखान्याच्या नावातून आपल्या सायकलींना त्यांनी 'रॉयल एनफिल्ड' हे नाव लावलं. राजाने पदवी दिली वगैरे काही नाही. सुटे भाग पुरवणं वेगळं आणि बंदुकीच्या कारखान्यात जन्मणं वेगळं. बंदुका बनवणाऱ्यांनी उभारलेली कंपनी हवीच असेल तर ती बीएसए, दुसरी ब्रिटिश मोटारसायकल कंपनी. १८६१ मध्ये बर्मिंगहॅमच्या बंदूक कारागिरांनी ती काढली आणि तिच्या बिल्ल्यावर तीन रायफली एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या दिसतात.

आता 'रातोरात'. होंडाने लॉस एंजेलिसमध्ये दुकान मांडलं जून १९५९ मध्ये. मेरिडनचा ट्रायम्फ कारखाना कायमचा बंद पडला १९८३ मध्ये. चोवीस वर्षांची रात्र असते का? शिवाय बेसावध गाठलं असंही नाही. टर्नर १९६० मध्ये स्वतः जपानला गेला, तिथले कारखाने पाहिले आणि परत येऊन इशाऱ्याचा अहवाल दिला. त्यानंतर झालं काय, तर जपान्यांनी लहान गाड्या आणल्या की ब्रिटिश कंपन्या त्या वर्गातून मागे सरकायच्या, फायदा मोठ्या गाडीत आहे म्हणत. असं मागे सरकत सरकत एक दिवस पाठ भिंतीला लागते.

त्यांच्याकडे गाडी नव्हती असंही नाही. तीन सिलिंडरच्या ट्रायम्फचा नमुना १९६५ मध्ये धावत होता. बाजारात यायला १९६८ उजाडलं, आणि आली ती बाहेरच्या डिझायनरकडून चौकोनी टाकी लावून घेऊन. अमेरिकन विक्रेत्यांनी नाकं मुरडली आणि मागाहून जुन्या घाटाच्या टाक्या पाठवाव्या लागल्या. तोवर १९६९ मध्ये होंडाची सीबी ७५० उभी राहिली: चार सिलिंडर, बटणावर सुरू, पुढे डिस्क ब्रेक. ट्रायम्फला अजून किकच मारावी लागत होती. १९७१ साली नवी चासी आली तिची सीट इतकी उंच की बेताच्या उंचीच्या माणसाचे पाय नीट टेकेनात. जो कारखाना कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीनाच्या विक्रेत्याचं ऐकून हँडलची उंची ठरवायचा, त्याचा कान बंद झाला. जपानी गाड्या सरस होत्याच, ते मी नाकारत नाही. पण मजकुरात नुसता जपान आहे, हा बंद कान नाही. आणि त्याच जपानात कावासाकीने १९६६ मध्ये जी डब्ल्यू-वन काढली, तिचं इंजिन बीएसएच्या ए-७ या मॉडेलच्या घराण्यातलं होतं.

राहिला बिल्ला. माझ्याकडे वडिलांची उजव्या गिअरची साडेतीनशे बुलेट आहे. पहिला गिअर वर, बाकीचे तीन खाली, टाचेखाली न्यूट्रलचं वेगळं पेडल, ब्रेक डाव्या पायाला. ही मांडणी रेडिचची. अमेरिकेने कायदा करून १९७४ च्या सप्टेंबरपासून सगळ्या नव्या गाड्यांचा गिअर डावीकडे आणायला लावला, तेव्हा नॉर्टनला आणि ट्रायम्फला गिअरचा दांडा या बाजूचा त्या बाजूला फिरवावा लागला. मद्रासजवळच्या तिरुवोत्तियूरच्या एनफिल्ड कारखान्याला तशी घाई नव्हती, म्हणून रेडिचची मांडणी आमच्या अंगणात शिल्लक राहिली.

ती सुरू कशी करायची हे वडिलांनी मला नववीत शिकवलं. चावी लावायची, डीकॉम्प्रेसर, म्हणजे इंजिनातला दाब सोडणारा खटका, दाबून किक हळूहळू खाली न्यायची आणि अँमीटरचा, म्हणजे विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या मीटरचा, काटा मध्यावर येईपर्यंत थांबायचं. मग डीकॉम्प्रेसर सोडून किक परत वर घ्यायची आणि एकच, पूर्ण, शांत किक. घाई केली की पोटरीवर फटका बसतो. या कृतीत कुठे बिल्ला आहे? पन्नासच्या दशकात आपल्या लष्कराने सरहद्दीसाठी बुलेट निवडली, १९५५ मध्ये एनफिल्ड इंडिया निघाली, साठच्या दशकात रेडिचने बुलेट सोडून दिली आणि आपल्या कामगारांनी ती घडवत ठेवली. १९७७ मध्ये तीच गाडी इथून ब्रिटनला निर्यात होऊ लागली. याला नुसतं नाव विकणं म्हणणं हा तिरुवोत्तियूरच्या दोन पिढ्यांच्या हातांचा अपमान आहे.

आजच्या गाड्यांचंही तसंच. इंग्लंडमधल्या हिंकलेच्या ट्रायम्फने आखलेली स्पीड ४०० आपल्या चाकणला बजाजच्या कारखान्यात बनते. साडेसहाशेची इंटरसेप्टर चेन्नईत बनते, पण तिच्यावर कामं झाली लेस्टरशायरमध्येही, आणि ते नाव मुळात १९६० मध्ये अमेरिकन बाजारासाठी पाडलेलं. बीएसएचं नाव आता महिंद्रांच्या घरात आहे, नॉर्टन टीव्हीएसकडे. यातली प्रत्येक गाडी चांगलीच निघेल असं मी म्हणत नाही, ती चालवून ठरवावी.

आणि बिल्ल्याचाच विषय काढायचा तर खरा बिल्ला पन्नासच्या दशकात बदलला होता. १९५५ पासून काही वर्षं रेडिचच्या एनफिल्ड गाड्या अमेरिकेत विकल्या गेल्या त्या 'इंडियन' या तिथल्या जुन्या कंपनीच्या नावाने. त्याच १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया जन्मत होती.

मामेभाऊ दिवाळीत घरी येणार आहे. मी त्याला हे सगळं लिहून पाठवलंय. बुलेट पुसून ठेवीन, आणि काटा मध्यावर कसा आणायचा ते दाखवून किक त्यालाच मारायला सांगीन.