टायटॅनिकवरच्या आठ खलाशांवरचा खोटा आळ

एप्रिल उजाडला की टायटॅनिकचे मेसेज फिरायला लागतात. त्यातला एक दरवर्षी थोडा आणखी मसाला लावून येतो. टायटॅनिकवर आठ चिनी फुकटे घुसले होते. धोका कळताच बायकांचे कपडे चढवून ते लाइफबोटींत फळ्यांखाली दडून बसले. म्हणूनच आठांतले सहा वाचले, आणि लबाडी उघडी पडल्यावर अमेरिकेने त्यांना हाकलून दिलं. खाली हसणारे चेहरे.

मला ते हसू सहन होत नाही. आमच्या कोकणात अशी कितीतरी घरं आहेत, जिथे कर्त्या माणसाची चौकशी केली की "बोटीवर आहे" एवढंच उत्तर मिळायचं. त्या आठ जणांच्या घरीही असंच काहीतरी सांगत असतील. त्यामुळे या मेसेजमधलं एकेक वाक्य तपासायलाच हवं.

पहिलं, "फुकटे". आठही जणांचं तिकीट होतं. तिसऱ्या वर्गाचं, आठांत मिळून एकच, क्रमांक १६०१. त्याचे ५६ पौंड ९ शिलिंग ११ पेन्स भरलेले होते, म्हणजे माणशी सात पौंडांच्या वर. १० एप्रिल १९१२ ला साउदम्प्टनला ते राजरोस चढले. आह लॅम, फँग लँग, लेन लॅम, चेआँग फू, चँग चिप, लिंग ही, ली बिंग, ली लिंग अशी आठही नावं प्रवाशांच्या यादीत आहेत, आणि धंदा लिहिलाय खलाशी. न्यूयॉर्कला अ‍ॅनेटा नावाच्या मालबोटीवर कामाला रुजू व्हायला ते निघाले होते. चीनपासून हजारो मैलांवर, परक्यांच्या बोटींवर राबून पोट भरणारी ही माणसं. टायटॅनिकवर मात्र ती रीतसर प्रवासी होती.

दुसरी गोष्ट, "धोका कळताच होडीत दडले". हा आरोप आजचा नाही. बोट बुडून आठवडा व्हायच्या आत न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका दैनिकाने तो छापला, आणि छापताना या माणसांचा उल्लेख माणूस म्हणूनसुद्धा केला नाही. शंभरावर वर्षं तेच चाललंय. खरं तर ती होडी कशी होती एवढं जरी पाहिलं, तरी हा आरोप टिकत नाही.

सहांपैकी चौघे वाचले ते 'सी' नावाच्या होडीत. टायटॅनिकवर लाकडी होड्यांखेरीज चार घडीच्या होड्या होत्या. तळ लाकडाचा, कडा कॅनव्हासच्या. एरवी त्या कडा आडव्या दुमडून होडी डेकवर चपटी पडलेली असायची. वापरायची वेळ आली की आधी कॅनव्हास उचलून ताठ करायचा, मग शेजारची लाकडी होडी खाली गेल्यावर मोकळ्या झालेल्या दोर-कप्प्यांना ही होडी अडकवायची, आणि त्यानंतर माणसं भरायची. अशा चपट्या पडलेल्या होडीत आधीपासून चार बाप्ये दडून बसणार कुठे? हिमनगाची धडक रात्री ११:४० ची. 'सी' पाण्यावर उतरली ती पहाटे दोनच्या सुमारास, शेवटच्या होड्यांबरोबर. २:२० ला टायटॅनिक पाण्याखाली. ज्यांना धोका कळताच पळायचं होतं, ते सव्वादोन तास कशाची वाट बघत थांबले होते?

ती होडी उजव्या अंगाची. डाव्या अंगाला अधिकारी लाइटोलर पुरुषांना जवळजवळ चढूच देत नव्हता. उजव्या अंगाला अधिकारी मर्डोकच्या हाताखाली, जवळपास बाई-मूल नसेल तर पुरुषांना जागा मिळत होती. याच 'सी' होडीत टायटॅनिकच्या मालक कंपनीचा सर्वेसर्वा इस्मे बसून वाचला, आणि पहिल्या वर्गाचा प्रवासी कार्टरही. होडीची क्षमता ४७. आत चाळीसच्या आसपास माणसं. म्हणजे या चौघांनी कुणाचीही जागा बळकावली नाही.

एक साक्ष मात्र मान्य करायला हवी. होडीचा ताबा असलेल्या रो नावाच्या क्वार्टरमास्टरने (बोटीचं सुकाणू सांभाळणारा खलाशी) अमेरिकी सिनेटच्या चौकशीत सांगितलं की उजाडल्यावर बाकांच्या मधून चार माणसं वर आली, चिनी किंवा फिलिपिनो असावीत. यातून एवढंच कळतं की ते तळाशी बसले होते. चंद्र नसलेली रात्र, हाडं गोठवणारी थंडी, दाटीवाटीची होडी. बोटीवर काम केलेला माणूस अशा वेळी खालीच बसतो, होडी कलंडू नये म्हणून.

बायकांचे कपडे? त्याही गोष्टीचा माग लागतो, पण तो चिन्यांपर्यंत जात नाही. आयर्लंडच्या कॉर्क परगण्यातल्या डॅनियल बकली या तरुण शेतमजुराने सिनेटच्या चौकशीत स्वतःच सांगितलं की आपण होडीत रडत होतो आणि एका बाईने आपल्यावर शाल टाकली. एडवर्ड रायन या दुसऱ्या आयरिश तरुणाने घरी पत्र लिहिलं, की मानेभोवतीचा टॉवेल डोक्यावरून घेऊन आपण बाईसारखे दिसत पुढे गेलो. मी यांनाही दोष देणार नाही. ज्या बोटीवर माणसं बावीसशे आणि होड्यांत जागा ११७८, तिथे जगण्याची धडपड करणाऱ्या गरिबाला मी भ्याड म्हणणार नाही.

"आठांत सहा वाचले म्हणजे काहीतरी काळंबेरं" हा युक्तिवादही पोकळ आहे. तिसऱ्या वर्गातले ४६२ पुरुष, वाचले ७५. दुसऱ्या वर्गातले १६८, वाचले १४. पहिल्या वर्गातले १७५, वाचले ५७. या सत्तावन्नांची लबाडी कुणी शोधत बसत नाही. हे आठ तर दर्यावर्दी. बोट कलली की कुठे जायचं हे त्यांना शिकवावं लागत नाही.

आणि फँग लँग तर सुरुवातीला होडीत नव्हताच. बोट बुडाल्यावर अधिकारी लो चौदा नंबरची होडी घेऊन मागे फिरला, तेव्हा एका तरंगत्या दारावर त्यांना एक माणूस दिसला, दोरीने स्वतःला बांधून घेतलेला. शार्लट कॉलियर या वाचलेल्या बाईने लिहून ठेवलंय: हाका मारल्या, उत्तर नाही, लो याला वाटलं मेलाच असेल, आणि याच्यापेक्षा वाचवण्यालायक दुसरे आहेत असंही तो म्हणाला. मग मन बदलून त्याला आत ओढलं. बायकांनी हातपाय चोळले. काही मिनिटांत तो उठला, दमून गळालेल्या एका खलाशाच्या हातातलं वल्हं घेतलं आणि सुटका होईपर्यंत ओढत राहिला. तिने त्याला जपानी म्हटलंय. तो फँग लँग असल्याचं अभ्यासक मानतात. लपून वाचलेल्याची ही गोष्ट आहे का?

शेवटचा मुद्दा, हाकलून देण्याचा. अमेरिकेत १८८२ पासून कायदाच होता, चिनी मजुरांना प्रवेशबंदीचा. १८ एप्रिलच्या रात्री, वाचलेल्यांना उचलून आणणारी कार्पेथिया बोट न्यूयॉर्कला लागली. बाकीच्या वाचलेल्यांना कुणी मिठीत घेतलं, कुणी दवाखान्यात नेलं. या सहांना शहरात पाऊल टाकू दिलं नाही. चौकशी नाही, आरोपपत्र नाही, लबाडीचा उल्लेख नाही; चिनी असणं पुरेसं होतं. दिवसभरातच त्यांना अ‍ॅनेटावर चढवलं आणि बोट क्यूबाच्या वाटेला लागली.

अ‍ॅनेटावर कामाला आठ जण यायचे होते. ली लिंग आणि लेन लॅम आले नाहीत. समुद्रातून काढलेल्या मृतदेहांपैकी ज्यांची ओळख पटली, त्यांत त्या दोघांची नावं नाहीत.