पैसे कमी असले तरी सायकलचे रस्ते होतात (काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर)

काका, तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. राग वगैरे अजिबात नाही, उलट पीडब्ल्यूडीत उभं आयुष्य काढलेल्या माणसाने एवढं सविस्तर लिहिलं याचं बरंच वाटलं. खाली कमेंटमध्ये उत्तर मावेना म्हणून वेगळी पोस्ट टाकतोय.

ज्यांनी मूळ प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. काकांचं म्हणणं असं की सुरक्षित सायकल ट्रॅक म्हणजे श्रीमंत देशांचे चोचले, डच लोकांच्या रक्तातच सायकल आहे त्यामुळे त्यांचं उदाहरण इतरांना लागू नाही, हात तंग असलेल्या नगरपालिकेने कडेला पांढरा पट्टा मारावा आणि विषय संपवावा, आणि पार्किंग काढलं तर दुकानदार देशोधडीला लागतील. वर पुन्हा, "रस्त्याला हात लावला की गटारं, चेंबर, केबल सगळं हलवावं लागतं, त्याचे पैसे तुझा ब्लॉग देणार का?"

ब्लॉग नाही देणार. पण हा गटाराचा मुद्दा तुमच्या सगळ्या मुद्द्यांत वजनदार आहे म्हणून आधी तोच घेतो. कडेचा कर्ब (फुटपाथची दगडी कड) हलवला की पाण्याच्या जाळ्या हलतात, मग लाइन, मग कुणाची तरी केबल तुटते आणि एस्टिमेट दुप्पट होतं, मान्य. म्हणून तर ज्यांच्याकडे पैसे कमी होते त्यांनी कर्बला हातच लावला नाही. बर्लिनमध्ये २०२० च्या लॉकडाऊनमध्ये क्रॉइत्सबर्ग भागात काय केलं, तर पिवळे पट्टे मारले आणि रस्त्याच्या कामावर असतात तसे लाल-पांढरे खांब रांगेने उभे केले, झाली लेन. काही दिवसांत. डांबर तेच, गटार तेच, फक्त गाड्यांची एक लेन कमी. लोक वापरायला लागले, मग त्यातल्या काही नंतर पक्क्या केल्या. म्हणजे आधी वापरून बघा, मग काँक्रीट ओता. आपल्याकडे बरोब्बर उलटं होतं, पण तो विषय आज नको.

आता "डच लोकांच्या रक्तात" हे. काका, १९७१ साली नेदरलँड्समध्ये रस्त्यावर ३,३०० च्या आसपास माणसं मेली, त्यात ४०० हून जास्त लहान मुलं होती. तेव्हा तेही बाकी जगासारखे गाड्यांच्याच मागे लागले होते, तिथल्या उट्रेख्त शहराने तर चक्क शहराच्या कालव्याचा एक भाग कोरडा करून त्यात मोटारींचा रस्ता काढला होता (तिथे परत पाणी यायला २०२० साल उजाडलं). रक्तात असतं तर मुलांचे जीव वाचवा म्हणत आया पोरांना घेऊन रस्त्यावर बसल्या नसत्या. तरी तुम्ही म्हणाल नेदरलँड्स नकोच, तर नको. सेव्हिल घ्या. स्पेनचा दक्षिण भाग, उन्हाळ्यात पारा ४० च्या वर, सायकलची परंपरा शून्य, एकूण प्रवासात सायकलचा वाटा एक टक्काही नव्हता. तिथे २००६-०७ च्या सुमारास जवळपास ८० किलोमीटरचं जाळं एका दमात टाकलं, एकूण खर्च साधारण ३ कोटी २० लाख युरो, म्हणजे किलोमीटरला ४ लाख. ऐकायला मोठा वाटेल, पण त्याच शहराने त्याच काळात मेट्रोची एक १८ किलोमीटरची लाइन केली, ती शेकडो कोटी रुपयांत नाही, शेकडो दशलक्ष युरोंत गेली. सायकलच्या रोजच्या फेऱ्या पाच-सहा हजारांवरून काही वर्षांतच साठ-सत्तर हजारांच्या घरात गेल्या.

जागा कुठून आणली? बहुतेक ठिकाणी पार्किंगची पट्टी. हजारो गाड्यांची जागा गेली. रस्ता रुंद नाही केला, कुणाचं घर पाडलं नाही, भूसंपादन नाही.

आणि इथे मला सेव्हिलचं सगळंच गोड आहे असं म्हणायचं नाहीये. दोन्ही दिशांची वाहतूक एकाच अडीच मीटरच्या ट्रॅकवर कोंबली आहे, त्यामुळे वळणारा ड्रायव्हर एका बाजूला बघतो आणि सायकल येते दुसरीकडून. २०११ मध्ये सत्ता बदलल्यावर कामाचा जोरही ओसरला. पण त्यांनी एक गोष्ट अचूक ओळखली की सगळं जाळं एकदम टाकायचं. हॉलंडमध्ये सत्तरच्या दशकात टिलबर्ग आणि हेगमध्ये एकेक देखणा, महागडा सायकल मार्ग बांधून बघितला, तर आधीचेच सायकलवाले आजूबाजूच्या गल्ल्या सोडून त्या रस्त्यावर आले, नवीन माणूस फारसा सायकलवर बसला नाही. मग डेल्फ्टमध्ये त्याऐवजी अख्ख्या शहराचं जाळं जोडलं, छोटे छोटे तुटलेले दुवे सांधत, तेव्हा कुठे फरक दिसला. तुम्ही पुण्यातल्या ट्रॅकचं उदाहरण दिलंत ना, हातगाडी, ट्रान्सफॉर्मर आणि मग अचानक पायऱ्या, त्याचं दुखणंही निम्मं तेच आहे. घरापासून शाळेपर्यंत जाता येत नसेल तर मधला सुंदर अर्धा किलोमीटर काय चाटायचाय?

पण खरी स्वस्त गोष्ट ट्रॅक नाहीच, आणि मला तुमच्याशी भांडायचंय ते इथे. तुम्ही धरून चाललात की सायकल सुरक्षित करायची म्हणजे काहीतरी बांधायचं. मी राहतो त्या बेल्जियममधल्या गेंट शहरात ३ एप्रिल २०१७ ला जे झालं त्यात बांधकाम जवळपास नव्हतंच. मधला भाग गाड्यांना बंद, त्याच्याभोवती शहराचे सहा तुकडे, आणि एका तुकड्यातून दुसऱ्या तुकड्यात गाडी घेऊन थेट जाता येत नाही, बाहेरच्या रिंग रोडला जाऊन फिरून यायचं. सायकल, पायी, बस, ट्राम सरळ. अडवलंय कशाने, तर एखादी मोठी कुंडी, एखादा खांब, आणि जिथून बस आणि फायर ब्रिगेड जायला हवी तिथे नंबर प्लेट वाचणारा कॅमेरा. सगळी योजना साधारण ४० लाख युरोंची. गाडीने कुठे जायचं असेल तर शिव्या निघतात हे कबूल, मित्राच्या गाडीतून पलीकडच्या गल्लीत सोफा न्यायचा होता तेव्हा आम्ही अख्खी प्रदक्षिणा घातली. पण त्या कुंडीच्या पलीकडच्या गल्लीत आता जी गाडी येते ती तिथल्याच कुणाच्या तरी घरी येणारी असते, शॉर्टकट मारणारी नसते, आणि त्या गल्लीत सायकल ट्रॅक काढायची गरजच उरत नाही, आठ वर्षांची पोरं मधोमध सायकल चालवतात. २०१२ मध्ये सायकलचा वाटा २२ टक्के होता, काही वर्षांत ३५ वर गेला. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनने हेच १९७७ मध्ये केलं होतं, गावाचे चार भाग करून, म्हणजे कल्पना काही नवी नाही.

आता पांढरा पट्टा. त्याला माझा विरोध पैशामुळे नाही, तो खोटं आश्वासन देतो म्हणून. पन्नासच्या स्पीडच्या रस्त्यावर मीटरभराचा पट्टा, एका बाजूला पार्क केलेल्या गाड्या, कधी कुणाचं दार उघडेल नेम नाही, दुसऱ्या बाजूला ट्रक. डिलिव्हरीची व्हॅन त्या पट्ट्यातच थांबते आणि सायकलवाला निमूटपणे ट्रकसमोर जातो. तिशीतला धडधाकट माणूस चालवेल तिथे, तुमच्या सूनबाई नातवाला मागे बसवून चालवतील का? साधा हिशोब असा की गाड्या कमी आणि स्पीड तीसच्या आत असेल तर सगळे एकत्र चालतील, पट्टाही नको. पन्नासचा मोठा रस्ता असेल तर मध्ये काहीतरी उंच, कडक हवंच.

आणि थोडे पैसे असतील तर ते सरळ रस्त्यावर नाही, कोपऱ्यावर घाला. माणूस जखमी होतो तो बहुतेक चौकात, उजवीकडे वळणाऱ्या ट्रकखाली (इथे गाड्या उजवीकडून चालतात). हॉलंडमध्ये छोटी गल्ली मोठ्या रस्त्याला मिळते तिथे फुटपाथ आणि ट्रॅक त्याच उंचीवर सलग पुढे नेतात, आणि गाडीला चढून उतरावं लागतं. उताराचे काँक्रीट ब्लॉक कारखान्यात तयार मिळतात, आणून बसवायचे. ड्रायव्हरला बोर्ड वाचावा लागत नाही, चाकालाच कळतं. तेही मुद्दाम खोदून करत नाहीत, ड्रेनेज लाइन बदलायची पाळी येते तेव्हा रस्ता उघडलेलाच असतो, त्यातच उरकतात. हे तर तुम्हाला मी सांगायला नको.

दुकानदारांचं म्हणाल तर ओरडा होतो, कुठेही होतो. ग्रोनिंगनमध्ये झाला, गेंटमध्ये तर वाहतूक खात्याचे उपमहापौर फिलिप वात्यू यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. २०१८ च्या निवडणुकीनंतरही ते पदावर होते. तुम्ही दुकानदारांच्या भीतीचं लिहिलंत ती खोटी आहे असं मी म्हणत नाही, फर्निचरवाल्याला खरंच त्रास होतो, पण त्यावर उपाय माल उतरवायची वेळ ठरवणं, अपंगांच्या गाडीला परवाना देणं हा आहे. दिवसभर एकाच जागी उभ्या असलेल्या गाडीतून गिऱ्हाईक येत नाही, ती बऱ्याचदा मालकाचीच असते.

एक गोष्ट मात्र मला तुमच्याकडूनच हवी आहे. डांबरावर कर्ब ठोकून लेन वेगळी करायची तर पाणी कडेच्या जाळीपर्यंत जायला कर्बमध्ये फटी ठेवाव्या लागतात. इथल्या रिमझिमीला त्या पुरतात. पण आपल्या जुलैच्या पावसाला त्या किती अंतरावर लागतील आणि किती रुंद, की कर्ब सोडून नुसते खांबच रोवावेत? तुमच्या साइटवरच्या अनुभवाने सांगा, पुढच्या पोस्टमध्ये तेच घेतो.