आपोआप फुटली म्हणे!

काकांनी घरच्या ग्रुपवर ढकललेला ‘अमेरिकेचा धडा’ मी नेहमीसारखा न वाचता सोडला असता. पण अकरावीतल्या भाचीने तो वक्तृत्व स्पर्धेच्या भाषणात जसाच्या तसा उतरवला, तेव्हा गप्प बसवेना. फॉरवर्डचं म्हणणं असं: तिकडचे काळे-गोरे गरीब कधीच एकत्र आले नाहीत. ब्लॅक पँथर (काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारी तिकडची संघटना) गोऱ्यांचे वैरी, आणि आपल्या दलित पँथरने तोच द्वेष उचलला. ‘रेनबो कोअलिशन’ (इंद्रधनुषी आघाडी) ही जेसी जॅक्सन या काळ्या नेत्याची निवडणुकीची टूम. अशा आघाड्या आपसांतल्या भांडणांनी आपोआप फुटतात.

जॅक्सननी १९८४ च्या निवडणुकीत ते नाव वापरलं, खरं आहे. पण शिकागोत ते १९६९ पासून होतं, काळ्या, पोर्तो रिकन आणि गोऱ्या गरिबांच्या आघाडीचं.

गोऱ्यांचे वैरी? शिकागोच्या पँथरांचा पुढारी फ्रेड हॅम्पटन याने हात मिळवला तो पोर्तो रिकन पोरांच्या ‘यंग लॉर्ड्स’शी आणि ‘यंग पेट्रियट्स’शी. हे पेट्रियट्स म्हणजे केंटकी, वेस्ट व्हर्जिनियाकडून पोटासाठी अपटाउन वस्तीत आलेले गोरे. त्यांच्या जाकिटांवर गुलामगिरीसाठी लढलेल्या दक्षिणेचा झेंडा! तरीही बॉब ली हा पँथर त्यांच्या वस्तीत जाऊन बसला. पोलिसांचा मार, घरमालकांची मुजोरी आणि वस्ती पाडायला निघालेली महापालिका, तक्रारी दोघांच्या सारख्याच निघाल्या.

आता ते ‘आपोआप’. इथे मात्र माझं डोकं फिरतं. गुप्तचर यंत्रणांची चौकशी करणाऱ्या सिनेटर फ्रँक चर्च यांच्या समितीचा १९७६ चा अहवाल खुला आहे, कुणीही वाचावा. जानेवारी १९६९ मध्ये एफबीआय या अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेने ‘ब्लॅकस्टोन रेंजर्स’ या टोळीचा म्होरक्या जेफ फोर्ट याला निनावी पत्र धाडायचं ठरवलं: पँथरांनी तुझी सुपारी दिली आहे. त्याने चिडून पँथरांवर उलटावं, हाच हेतू. पुढे हॅम्पटनच्या संरक्षणाचं काम पाहणारा विल्यम ओ’नील हाच एफबीआयचा खबऱ्या निघाला. पलंग कुठे आहे ते दाखवणारा घराचा नकाशा त्याने पुरवला. ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे पोलीस घुसले. एकवीस वर्षांचा हॅम्पटन बिछान्यातच मारला गेला, सोबत मार्क क्लार्कही. पोलीस म्हणाले, चकमक झाली. संघीय ग्रँड ज्युरीला (खटला भरायचा का ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाला) आढळलं की पोलिसांच्या गोळ्या ८२ ते ९९, पँथरांकडून फार तर एक. ओ’नीलला तीनशे डॉलर बक्षीस मिळालं. १९८२ मध्ये सरकारी यंत्रणांनी साडेअठरा लाख डॉलर मोजून दावा मिटवला.

पँथर बंदुका बाळगत. १९६९ च्याच नोव्हेंबरात त्यांच्यातल्या एकाशी झालेल्या चकमकीत दोन पोलीसही मेले. आणि तो झेंडा अनेकांना खुपायचा, हेही मान्य. म्हणून ‘आपोआप फुटली’ होतं का?

दलित पँथरने अमेरिकेतून नाव घेतलं, हे उघडच आहे. पण १९७३ चा त्यांचा जाहीरनामा काकांनी उघडलेला दिसत नाही. त्यात ‘दलित’ या शब्दात भूमिहीन मजूर, गरीब शेतकरी, आदिवासी, स्त्रिया सगळे आले आहेत.

भाची म्हणते, “मावशी, एवढं तीन मिनिटांत कसं बसवू?” म्हटलं, काकांचा परिच्छेद काढ, बसेल.